आईच्या डोळ्यांखाली

आई मुंबईहून परतली ती काळा चष्मा लावून. आमच्या घरात काळा चष्मा म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन, दुसरा अर्थच नाही. त्यामुळे बनारस स्टेशनच्या गर्दीत तिला तशी बघून मी धावतच तिला गाठलं. "डोळ्याला काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, ऊन लागतं." कुठलं ऊन? धड उजाडलंसुद्धा नव्हतं. रिक्षात मी चष्म्याला हात घालायची आणि ती माझा हात झटकायची. मैदागिनला रिक्षा सोडली, गल्ल्यांमधून सामान ओढत दुर्गाघाटला घरी पोचलो, आणि स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर मी सरळ चष्मा ओढून काढला.

दोन्ही डोळ्यांखाली निळं-काळं पडलं होतं. जांभूळ खाऊन बोट पुसावं तसं, नाकाजवळ गडद आणि बाहेर फिकट होत गेलेलं. डावीकडे जास्त.

"कुणी मारलं तुला?" मी ओरडलेच.

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. "हळू बोल. हे पूजेत आहेत."

'हे' म्हणजे माझे वडील, अण्णा. धर्मशास्त्राचे पंडित. पाठशाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात घरी लोकांना निर्णय द्यायचे. बनारसच्या आमच्या मराठी वस्तीत कुणाचं सुतक किती दिवसांचं, कुणाचा विटाळ कसा फिटतो, परदेशी जाऊन आलेल्यानं काय करावं, सगळे प्रश्न त्यांच्यापुढे यायचे. त्या माणसाला घरी काळा चष्मा घालून सामोरं जायचं कसं, याचा विचार आईनं गाडीत रात्रभर केला असणार.

मग पूजेची घंटा ऐकत ऐकत, दबक्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. ती गेली होती मावशीच्या ऑपरेशनला, तिची सेवा करायला. मावशी बरी झाली, बसायला लागली आणि बसल्या बसल्या तिला आईचा चेहरा दिसला. आईच्या डोळ्यांखाली मला आठवतंय तेव्हापासून खोल खळगे होते. भेटेल तो विचारायचा, "बरं नाही का?" मार्गशीर्षात अण्णांची साठीशांत होती, पुण्याहून, इंदूरहून नातेवाईक येणार होते, दोघांना नव्या वस्त्रांत पाटावर बसायचं होतं. मावशी म्हणाली, माझ्याकडून ही भेट समज. तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरकडे सुईनं औषध भरून खळगे बुजवून मिळत होते. आधी हातावर थोडंसं टोचून महिनाभर वाट पाहायला लावली, अंगाला सोसतंय का म्हणून. सोसलं. मग डोळ्यांखाली टोचलं, आणि आत रक्त साकळलं ते साकळलंच.

"आणि तू विचारलं नाहीस, त्यात असतं काय?"

"विचारलं की. अंडं-बिंडं नाही ना, म्हटलं. मावशी म्हणाली, प्रोटीन असतं, डाळीत असतं तसं."

"हात दाखवून अवलक्षण! काय गरज होती?"

"मावशीनं आग्रह केला," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. घरात गॅस होता, पण सोवळ्याचा स्वयंपाक आई चुलीवरच करायची.

अण्णा पूजा आटोपून आले. आई त्यांच्यासमोर दूध घेऊन उभी, चष्म्याशिवाय. अण्णांनी पेला घेतला, "गाडी वेळेवर होती?" विचारलं, "होती" ऐकलं आणि दूध पिऊन पाठशाळेला निघून गेले. मी भिंतीला टेकले. सुटलो बाई! चार दिवसांत रंग उतरेल, म्हटलं, त्यांना पत्ताही लागणार नाही.

रंग उतरला नाही. निळ्याचं काळं झालं, काळ्याचं तपकिरी आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं. आणि कार्तिक लागला. कार्तिकात आमच्याकडच्या बायका पहाटे पंचगंगा घाटावर स्नानाला जातात आणि आईनं लग्न होऊन आल्यापासून एकही कार्तिक चुकवला नव्हता. नदीवर काय चष्मा लावणार? पावडर लावून बघितली, पण पावडर लावून गंगेत बुडी मारली की सगळं गंगार्पण. घरी आल्यावर सोवळं नेसून स्वयंपाक, तिथेही तोंडाला काही लावायची सोय नाही. तोंड उघडं ते उघडंच.

सगळ्यात आधी बोलल्या त्या शेजारच्या काकू. अण्णांच्याही वरच्या पिढीतल्या, जाडजूड, मणिकर्णिकेवर नवरा आणि दोन दीर पोचवून आलेल्या, कुणाला न भिणाऱ्या. अण्णांना त्यांनी लहानपणी कडेवर घेतलेलं, त्यामुळे अख्ख्या वस्तीत अण्णांना अरे-तुरे करणाऱ्या त्या एकट्या. घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांग. तुझा बाप हात उगारतो का?"

"काकू! काहीतरीच काय!"

"मग तिच्या तोंडाला काय झालंय?"

मी म्हटलं, पडली. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसा पोलीस चौकीतला दरोगा पाहतो. "दोन्ही डोळ्यांवर पडली? आणि नाक शाबूत?"

झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी. दुसऱ्या दिवशी एकीनं आंबेहळद पाठवली, दुसरीनं हळूच निरोप, काही लागलं तर आमचं दार उघडं आहे. दूधवाला अण्णांना बघून दोन बोटं कपाळाला लावायचा, ते थांबलं. पाठशाळेतल्या एका सहकाऱ्यानं तर त्यांना ऐकवलं म्हणे, "शास्त्रीजी, क्रोध पर विजय पाना ही असली विद्या है." अण्णांनी घरी येऊन कौतुकानं सांगितलं, आज ते फार सुंदर बोलले. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. ज्या माणसानं आयुष्यात झुरळावर हात उचलला नाही, त्याची अब्रू गल्लीत रोज सोलली जात होती, आणि आईला ना खरं सांगता येत होतं, ना खोटं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि अण्णा? अण्णांच्या काही लक्षातच येत नव्हतं. समोर ताट यायचं, जेवायचे. आई वाढायला वाकायची, तिचं तोंड हातभर अंतरावर असायचं, हे आपले भातात वरण कालवतायत. आधी मला बरं वाटायचं. मग राग यायला लागला, आणि मग तो रागही मला खायला लागला.

शेवटी मी आईला विद्यापीठाजवळच्या लंका भागातल्या एका कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. भला माणूस होता. त्यानं दिव्याखाली बघितलं, बोटानं दाबून बघितलं, म्हणाला, घाबरू नका, आतल्या रक्ताचा डाग आहे, जाईल, पण महिने लागतील. मग विचारलं, टोचलं काय होतं? आईनं मुंबईचा शब्द आठवून सांगितला. त्यानं मान हलवली आणि सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "हां, वही. गाय के चमड़े से निकालते हैं."

आई खुर्चीत बसली होती ती तशीच राहिली. मी तिचा हात धरला.

"डॉक्टरसाहेब, निकल सकता है?" तिनं विचारलं.

"अपने आप घुल जाएगा, माताजी. कुछ महीने में."

घरी आली, विहिरीवर गेली, घागरीमागून घागर अंगावर ओतून घेतली. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. म्हणाली, "आजपासून स्वयंपाक तू कर. गुडघे दुखतात सांग."

मी किती समजावलं! म्हटलं, तुला माहीत होतं का? नव्हतं. तू खाल्लंस का? नाही. तू गळ्यात ढोलकं घालून कातडं बडवलंस का? नाही. मग? तर म्हणाली, "माझ्या अंगात आहे ते. याच हातांनी मी देवाचा नैवेद्य केला. याच हातांनी त्यांना रोज वाढलं."

"मग आता काय, गंगेत उडी मारायची?"

"साठीशांतीला मी त्यांच्या शेजारी कशी बसू, ते सांग."

अण्णा कसे होते ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्याच एका गृहस्थानं नोकरीच्या गावी भलतं काही खाल्लं होतं. त्यानं येऊन सांगितलं. अण्णांनी त्याला त्याच्या एकुलत्या एका मुलाच्या मुंजीत दाराबाहेर बसवलं. तो रडत होता, त्याची बायको पाया पडत होती, अण्णा म्हणाले, नियम मी केलेला नाही. आत मुलाच्या कानात गायत्री सांगितली ती मुलाच्या काकानं. मग स्वतःच्या बायकोसाठी हा माणूस नियम वाकवेल? आणि सगळे पाहुणे गोळा झालेले असताना, शेजारचा पाट रिकामा ठेवून?

"सांगूच नकोस," मी म्हटलं. "विरघळून जाणार आहे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," आई म्हणाली.

"अगं पण ते तुला बाहेर बसवतील!"

"बसवतील तर बसेन. खोटी बसणार नाही."

आठवडाभर आमचं हेच. कुजबुजत भांडायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते त्या दिवसांत कळलं. माझा स्वयंपाक म्हणजे आनंदच होता, आमटी कधी अळणी, कधी खारट जहर. अण्णा तेही मुकाट जेवायचे. आई चुलीपासून लांब, उंबऱ्याबाहेर बसून मला काय किती घालायचं ते सांगायची. एक दिवस अण्णांनी विचारलं, "हिचे गुडघे कसे आहेत?" तिला नाही, मला. तिच्या समोर. मी म्हटलं, "तिलाच विचारा ना, ती काय परगावी आहे?" आईनं डोळे वटारले. अण्णा "अं? हो, हो," म्हणाले आणि आचवायला उठले.

एका दुपारी मी दालानातल्या आतल्या दाराशी तांदूळ निवडत बसले होते. अण्णा बैठकीवर पोथी उघडून, वाकून बसलेले. त्यांची पद्धत अशी, की निर्णय विचारायला आलेल्याच्या तोंडाकडे ते कधी बघायचे नाहीत. लोकांना संकोच वाटतो, म्हणून. लोकही 'माझं' म्हणत नसत, 'एक जण आहे' अशी सुरुवात करत. बायका तर येतच नसत, त्या आईकरवी विचारायच्या. त्यामुळे आई ओलेत्यानं डोक्यावरून पदर घेऊन समोरच्या चटईवर येऊन बसली आणि म्हणाली, "एक निर्णय विचारायचाय," तेव्हा अण्णांना त्यात नवल वाटायचं काही कारणच नव्हतं. माझ्या हातातलं सूप मात्र तिथेच थांबलं.

"विचार," अण्णा म्हणाले. नजर पोथीत.

"एक बाई आहे. तिनं चेहऱ्यात सुईनं औषध भरून घेतलं. मागाहून कळलं, ते गाईच्या कातड्याचं होतं."

"शिव शिव. जाणून की अजाणता?"

"अजाणता."

"रोग होता का काही?"

"नाही."

"मग कशासाठी?"

"बरं दिसावं म्हणून."

"तरुण आहे?"

"माझ्या वयाची आहे."

अण्णांनी 'च्' केलं. पान उलटलं. "या वयात? कुणाला दाखवायचं होतं?"

मला वाटलं, आता ही उठणार. मी मनात म्हणत होते, ऊठ, आई, ऊठ. ती उठली नाही.

"नवऱ्याला," ती म्हणाली. "किती वर्षं झाली, तो तिच्याकडे बघत नाही. वाईट नाही तो. रागावत नाही, टाकून बोलत नाही. नुसता बघत नाही. तिला वाटलं, साठीशांतीला शेजारी बसेल तेव्हा तरी एकदा वळून बघेल."

अण्णा पोथीतच होते, पण पान उलटायचं थांबलं होतं.

"मग? तो काय म्हणाला?"

"त्याला दिसलंच नाही. टोचलं तिथे काळंनिळं पडलं, अख्ख्या गल्लीनं बघितलं. लोक म्हणतात, नवऱ्यानंच मारलं. त्याला अजून दिसलेलं नाही."

अण्णांनी मान वर केली. मी दाराच्या फटीतून बघत होते, त्यामुळे आईची पाठ मला दिसत होती आणि अण्णांचा चेहरा. असा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ते बघत राहिले. बराच वेळ.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मुंबईहून आले तेव्हापासून."

"दुखतं का?"

"नाही. निर्णय सांगा."

"दुखत होतं का?"

"अहो, निर्णय सांगा. मला पाटावर बसता येईल की नाही?"

त्यांनी पोथी मिटली. कधी नाही ते, खूण न ठेवता मिटली. "अजाणता आहे," म्हणाले. "स्नान, एक उपास, पंचगव्य. झालं. पाटावर बसायचं, चुलीपाशीही जायचं. पंचगव्य मात्र दोघांनी घ्यायचं."

"तुम्ही कशाला?"

"तुझ्या हातचं जेवलो ना मी."

"त्याला नुसतं स्नान पुरतं. तुम्हीच सांगता लोकांना."

"निर्णय कोण देतंय?" अण्णा म्हणाले, आणि उठून आत देवघरात गेले. संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. आई चटईवर बसून राहिली. मी जाऊन तिच्या शेजारी बसले, तर म्हणाली, "तांदूळ तसेच टाकून आलीस? चिमण्या खातील."

आता गल्लीचं तोंड बंद करायचं मी ठरवलंच होतं. रात्री जेवताना म्हटलं, उद्या काकूंना जाऊन सगळं सांगते, म्हणजे दोन दिवसांत सगळीकडे होईल. अण्णांनी ताटावरून हात काढला. "नाही. एक अक्षर बोलायचं नाही."

"अण्णा, पण लोक तुम्हाला काय काय म्हणतायत!"

"म्हणू देत. हिला हसलेले मला चालणार नाही."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते. मी आपली ताटातली भाजी ढवळत बसले.

साठीशांत झाली. आई हिरव्या शालूत, डोळ्यांखाली तो तपकिरी डाग घेऊन, उघड्या तोंडानं अण्णांच्या शेजारी बसली. अण्णा मंत्र म्हणता म्हणता तिच्याकडे वळून बघत होते, आणि बघितलं की दर वेळी पाहुण्यांत कुजबुज होत होती. इंदूरची आत्या माझ्या कानात म्हणाली, "बघ कसा दरडावून बघतोय तिच्याकडे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण अण्णांनी बजावून ठेवलं होतं.

ओवाळणं झालं आणि दोघं वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला उठली. सगळ्यात मोठ्या काकू. अण्णा वाकले, तशा काकूंनी पाय मागे घेतले.

"माझ्या पायाशी नको. आधी तिच्या तोंडाकडे बघ," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "साठ वर्षांचा झालास. जगाला धर्म सांगतोस. आणि बायकोचं तोंड असं करून ठेवतोस? लाज वाटत नाही?"

चुलीपाशी असलेल्या बायकासुद्धा हातात झारे घेऊन दारात येऊन उभ्या. आई "काकू, अहो, यांनी नाही—" म्हणत पुढे झाली. मी तर तोंड उघडलंच होतं. अण्णांनी वाकल्या वाकल्याच एक हात मागे करून आम्हा दोघींना थांबवलं.

"चुकलं माझं, काकू," ते म्हणाले. "फार वर्षं चुकलं."

काकूंनाही हे अपेक्षित नसावं. त्या क्षणभर गांगरल्या, मग त्यांनी पाय पुढे केले आणि अण्णांनी त्यावर डोकं ठेवलं. काळा चष्मा, घाट, डॉक्टर, विहीर, एवढं सगळं होऊन जी एकदाही रडली नव्हती, ती आई तिथेच, सगळ्यांसमोर, तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागली. काकूंनी तिला छातीशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको बाळ. बघ, शेवटी कबूल केलं की नाही त्यानं?"